पेटीवरचं नाव

या, बसा. तो ओला कोट खुंटीला लावा. कागदाची गुंडाळीच हवी ना? आहे घरात. तेवढ्यासाठी पुण्याहून भोरला आलात, म्हणजे तुमच्या कारखान्यात आमची पेटी अजून चालते आहे. चालणारच. माझी बायको सुलू चहा टाकते आहे, तो घेतल्याशिवाय जायचं नाही. ढगांनी भर दिवसा अंधारलंय, तेव्हा हा कंदील तुमच्याजवळ असू द्या. आणि त्या भिंतीवरच्या पेटीकडे आत्ता बघू नका. मी सांगेन तेव्हा बघा.

पेटी तुम्ही रोज वापरता, पण ती कशी झाली हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

चार वर्षांपूर्वी मी इथल्या आनंदरावांच्या भातगिरणीत यंत्रांची देखरेख करायला होतो. संस्थानात पुण्याची पदविका घेतलेले आम्ही इनमीन तिघं, त्यामुळे माझी मान जरा ताठच असायची. हंगामात गिरणीत रोजचं एकच भांडण चालायचं. यंत्र थांबलं की भात सोलणारा म्हणायचा पट्टा निसटला, पट्टेवाला म्हणायचा इंजिन दमलं, आणि इंजिनवाला म्हणायचा कोंडा अडकला. किती वेळ थांबलं ते विचारलं तर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. शेवटी आनंदराव वैतागले. मला बोलावून म्हणाले, "रघुवीर, माणसं खोटं बोलतात. यंत्र कधी थांबलं आणि कधी सुरू झालं, हे यंत्रालाच लिहायला लाव."

मी सहा महिने खपलो. पितळी चाकं, काचेचं झाकण, यंत्राच्या दांड्याला जोडलेली बारीक दोरी. टेबलावर ठेवली की ती वस्तू अशी चालायची की बघत राहावं. गिरणीत लावली की दुसऱ्या दिवशी बंद. कधी चाकांत कोंडा, कधी तेलानं माखलेली काच, कधी तुटलेली दोरी. कामगार तोंडावर काही बोलत नसत, पण पाठ वळली की हसत.

त्या हसणाऱ्यांत गेनू नव्हता. गेनू आमचा तेलवाला. गुंजवण्याचा शेतकरी, तिशीतला, यंत्रांना तेल घालायला ठेवलेला. एक दिवस माझ्या तुटक्या दोरीकडे बघून तो हळूच म्हणाला,

"राव, तुमचं यंत्र लई देखनं. पर हितं कोंडा हाय, तेल हाय, हिसका हाय. हितं देखनं न्हाई टिकायचं."

"मग काय टिकेल?"

"त्याला दांड्याला बांधायचंच कशाला? यंत्र चालतं तवा सारी भितच थरथरती की."

बस, एवढंच. सहा महिने मी यंत्राला दोऱ्या बांधत होतो आणि रोज सकाळी त्याच थरथरत्या भिंतीला टेकून चहा पीत होतो.

पंधरा दिवसांत त्यानं पेटी केली. जाड सागवानी फळ्या, कोपऱ्यांना बैलगाडीच्या धावेचं लोखंड. आत गजराचं जुनं घड्याळ, तेही तुपाच्या डब्यात घालून मेणानं बंद केलेलं. त्या घड्याळावर काजळी धरलेला कागद हळूहळू फिरायचा. चामड्याच्या वादीला शिशाचा गोळा, गोळ्याला सुई. यंत्र चालू असेल तर सुई थरथरायची आणि कागदावर केसाळ रेघ उमटायची. थांबलं की रेघ सरळ. आनंदरावांनी विचारलं, "पडली तर?" गेनूनं पेटी माळ्यावर नेली आणि तिथून सरळ खाली सोडून दिली. धाडकन आवाज झाला. कोंड्याचा ढग बसला तेव्हा आनंदराव वाकून कान लावून ऐकत होते. आत टिकटिक चालू होती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.  मला गेनूचा राग यायला काही कारणच नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग यायचा. तो माझ्याशी उद्धट वागला असता तर बरं झालं असतं. पण तो मला अजून "राव" म्हणायचा आणि कागद वाचायला माझ्याकडेच आणायचा.

त्याची एक रीत मात्र मला हसू आणायची. पेटी लावण्याआधी तो कारकुनाकडून झाकणावर त्या यंत्राचं नाव लिहून घ्यायचा, नावाला हळदकुंकू वाहायचा आणि मगच पेटी भिंतीवर टांगायचा. मी एकदा विचारलं, "हे कशाला रे?"

"पेटीला नाव सांगावं लागतं, राव. न्हाईतर तिला कसं कळावं, कुनाचं थांबनं लिवायचं?"

अडाणी आहे, एवढाच विचार करून मी सुखावलो. तेवढंच सुख होतं मला.

पावसाळा सरता सरता गेनूला हिवताप झाला आणि तो गावी गेला. जाताना म्हणाला, "मुंबईचं सायेब पेटी बगाया येनार हाईत म्हनं. मला सांगावा धाडा, राव. तापात असलो तरी चालत यीन." मी हो म्हणालो.

कार्तिकात मुंबईच्या एका मोठ्या कापडगिरणीचे इंजिनिअर यायचं ठरलं. दोन दिवस आधी आनंदरावांनी मलाच पाठवलं, "जा, गेनूला गाडीत घालून घेऊन ये." अगदी साधं काम होतं. मी बैलगाडी घेऊन निघालो आणि वेल्ह्याच्या बाजारात रात्री मुक्काम केला. सकाळी गाडी तिथंच ठेवून गुंजवण्याला चालत गेलो. वाटेत भात कापणीला आलं होतं, त्याचा वास सुटला होता. मन म्हणाल तर शांत होतं.

गावाबाहेरच्या आंब्यापाशी पोचलो आणि त्याचं घर दिसलं. गेनू अंगणात बसला होता. घोंगडी पांघरलेली, मुंडासं बांधलेलं, पायात वहाणा, शेजारी गाठोडं. साहेब येणार ही बातमी त्याला कुठून लागली होती कोण जाणे. तो वाटेकडे बघत होता.

मी झाडामागं झालो.

किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. तो एकदा खोकला. एकदा त्यानं गाठोडं जवळ ओढलं. मला हाक मारायची होती, खरंच. पण डोळ्यांसमोर उद्याचं चित्र यायचं. साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवतायत आणि मी मागे उभा राहून कागद धरलाय. मी आल्या पावली परत फिरलो. वेल्ह्याला गाडीत बसलो आणि भोरला येऊन आनंदरावांना सांगितलं, "गेनू गावात नाही. सासुरवाडीला गेलाय."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "ही कल्पना कुणाची?" मी म्हणालो, माझी. अडखळलोसुद्धा नाही.  मी आनंदरावांना नंतर समजावलं की डोकं माझं आणि हातोडा त्याचा. शिकलेल्या माणसाचं लोक ऐकतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

आठ दिवसांनी गेनूची बायको ठकुबाई त्याचं सामान न्यायला गिरणीत आली. कपाळ पांढरं होतं.

"सकाळधरनं मुंडासं बांधून बसलं हुतं," ती म्हणाली. "म्या म्हनलं, आत चला, वारं लागतंय. तर म्हनं, रघुवीरराव येत्याल. ते शब्दाचं पक्कं हाईत. दिस कलला, तीन वाजलं असत्याल... आन् बसल्या जागी मान टाकली." मग तिनं वर बघितलं. "तुमी आला न्हाईसा?"

"काम निघालं," मी म्हणालो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पेट्या मुंबईला गेल्या, पुण्याला गेल्या, प्रत्येकीवर माझ्या नावाची छापील चिठ्ठी. पहिली पेटी, गेनूनं हातानं केलेली, मी घरी आणली. झाकणावर पितळी पाटी ठोकून घेतली आणि तिच्यावर माझं नाव कोरलं. तीच ती.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला सुलूनं घरातल्या हत्यारांची पूजा मांडली. कातर, विळी, माझे पाने, आणि ही पेटी. तिला कुठं काय माहीत होतं? तिनं पाटीवरच्या माझ्या नावाला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि पेटी परत भिंतीवर टांगली.

त्या संध्याकाळी सुई थरथरायला लागली.

घरात यंत्र नाही. शेजारी गिरणी नाही. भिंतीला हात लावला तर भिंत थंड आणि स्थिर. आत सुई मात्र थरथरत होती, कागदावर केसाळ रेघ उमटत होती. वाटलं, उंदीर असेल. वाटलं, नदीच्या पाण्याचा धक्का असेल. मग एक दिवस घाटावर मला भोवळ आली. लोकांनी तोंडावर पाणी मारलं, पाचेक मिनिटांनी शुद्ध आली. घरी येऊन पाहतो तर त्याच वेळेला कागदावर पाच मिनिटांची सरळ रेघ... आलं ना लक्षात? पेटीला नाव सांगितलं गेलं होतं. ती माझं थांबणं लिहीत होती.

पाटी काढायचा प्रयत्न केला. कानस लावली तर पहिल्याच अक्षराला छातीत अशी कळ आली की कानस हातातून पडली. पुन्हा हात लावला नाही.

तरी हेही सोसलं असतं. पण पुढं दुपारी तीननंतर सरळ रेघा यायला लागल्या. आधी दोन मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. त्या वेळचं मला काही आठवत नाही. मी सुलूला विचारलं, "मी झोपलो होतो का?"

"झोपलात कुठे?" ती म्हणाली. "शेजारच्या सखूबाईंच्या विहिरीचा रहाट नीट करून आलात की. तो आता कुरकुरतसुद्धा नाही."

मी जाऊन पाहिला. काम माझं नव्हतं. माझ्या हाताला तेवढी अक्कल कधीच नव्हती. आडव्या लाकडाला चामड्याची वादी बांधली होती, साधी, आणि अशी चपखल की मला जागच्या जागी जळफळाट झाला. मेलेल्या माणसाचा हेवा करायचा म्हणजे काय, ते मला विचारा. आणि सुलू... एकदा दिवा लावताना ती सहज बोलून गेली, "दुपारचे तुम्ही किती मऊ बोलता. तसेच का नाही राहत?" माझ्याच बायकोनं माझ्याच तोंडावर दुसऱ्याचं कौतुक केलं.

सरळ रेघ रोज थोडी वाढते. आता उठा. कंदील घ्या, पेटीपाशी जा आणि झाकण उघडा. तुम्ही आलात तेव्हा तीन वाजून गेले होते. तिथून पुढं कागदावर काय उमटलंय ते मला मोठ्यानं सांगा. मी जवळ येत नाही.

सरळ? ...तुम्ही आल्यापासून सगळी सरळ?

घाबरू नका. सुईवर उजेड धरा. ती आता हलेल...

हलली?

कोण आपण? माझ्या घरात कंदील घेऊन काय करताय? त्या पेटीला हात लावू नका! सुलू, हे गृहस्थ कोण?

कागदाची गुंडाळी? मग तसं आल्या आल्या सांगायचं. काय म्हणता? मी बोलत होतो? तासभर? मऊ आवाजात? कशाबद्दल?

आंब्याच्या झाडामागचं?

हे पाहा, तसं काही झालेलं नाही, आणि झालं असतं तरी मी ते कुणाला सांगितलेलं नाही. हिलासुद्धा नाही. गेनू नावाचा एक तेलवाला होता आमच्याकडे, हिवतापानं गेला. तेवढाच त्याचा संबंध. पेटी माझी आहे. उजेड वर करा आणि पाटीवरचं नाव वाचा.

आणि तू का रडतेस, सुलू? अगं, मी आहे की इथं. कोण गेलंय?