पायाकडची बाजू

क्रेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं. तीस वर्षं इस्पितळात स्ट्रेचर उचलले म्हणून दोस्तांनी ठेवलेलं. डोक्याकडची बाजू त्यांची, पायाकडची बायकोची. तीही तिथेच आया होती. ते म्हणायचे, "एक, दोन," ती म्हणायची, "तीन," आणि पेशंटला कळायच्या आत तो पलंगावर. ती गेली आणि घर त्यांना खायला उठलं.

मग थोरल्या बहिणीने एक चित्र आणून भिंतीला टांगलं. धर्मग्रंथातला एक प्रसंग: तळ्याकाठी चटयांवर सहा रोगी पडलेत. पाणी ढवळलं की जो पहिला उतरेल तो बरा होणार.

"रोज सकाळी ग्रंथातला हा उतारा वाच, चित्र बघ, डोळे मीट आणि आत जा," ताई म्हणाली. "वास घे, आवाज ऐक. पण कुणाला हात लावायचा नाही. बरं करणारा वेगळा आहे."

"नुसतं बघत बसू? मला कधी जमलंय का ते?"

"म्हणूनच सांगतेय."

आठवडाभर ते शहाण्यासारखे बसले. हळूहळू ओल्या दगडांचा वास येऊ लागला, कण्हणं ऐकू येऊ लागलं. काठावरच्या म्हाताऱ्याला उतरवायला कुणीच नव्हतं. नवव्या दिवशी पाणी हललं आणि त्यांना राहवेना. त्यांनी चटईची डोक्याकडची टोकं धरली आणि सवयीने म्हणाले, "एक, दोन."

"तीन," पायाकडून आवाज आला.

चटई अलगद उचलली गेली. म्हाताऱ्याला पाण्यात सोडून त्यांनी मान वर केली, तोच डोळे उघडले. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. चित्रात पाचच माणसं होती.

आवाज तिचाच होता, जरा बसलेला, सर्दी झाल्यासारखा. ते लहान मुलासारखे ढसाढसा रडले. आनंदानेच रडले.

मग रोज एक.

ताई आली तेव्हा चित्रात एकच रोगी उरला होता. ती बराच वेळ चित्रापुढे उभी राहिली.

"थांब आता. मी सांगितलं होतं ना तुला?"

"थांबलो तर ती भेटायची नाही गं."

"दिसली का तुला ती? एकदा तरी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेवटचा रोगीही उतरवला.

त्यानंतरच्या सकाळी आत सगळ्या चटया रिकाम्या होत्या. त्यांनी तिला हाका मारल्या. ओ आली नाही.

पेशंट असल्याशिवाय ती कशाला येईल?

ते काठावरच्या चटईवर आडवे झाले. डोकं पाण्याकडे केलं, म्हणजे पायाकडे ती आली की या वेळी नक्की दिसेल.

पाणी ढवळू लागलं.

"एक, दोन," ते म्हणाले.

"तीन."

पायाकडची बाजू वर गेली. तिचा चेहरा चटईआड झाकला गेला.

डोक्याकडची बाजू धरायला कुणीच नव्हतं.