पाचवा ठोका

तुळिंजच्या बाजारात, मोबाईलच्या कव्हरांच्या दुकानांमागे, जुन्या टीव्ही-टेपरेकॉर्डरचं एक अंधारं दुकान आहे. ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी रोवेना तिथे पोचली, तेव्हा दुकानात चालू स्थितीतला कॅसेट डेक एकच उरला होता. आणि तो एका उंच, भिजलेल्या मुलाच्या काखेत होता.

"हा मला हवाय," रोवेना म्हणाली.

"मलापण हवाय," तो बोलला. "म्हणून तर धरलाय."

रोवेना विरारच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. रोज पन्नास-साठ माणसं तिच्यासमोर बाही वर करून बसायची आणि त्यातली निम्मी तरी सुई बघून लहान मूल व्हायची. त्यामुळे माणूस नमवायला आवाज चढवावा लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने शांतपणे त्याच्या हाताकडे पाहिलं.

"शीर चांगली आहे तुमची. एका टोचण्यात मिळेल."

"अं?"

"काही नाही. सवय आहे. एकच कॅसेट वाजवायचीय मला, लॅपटॉपवर घ्यायची आहे. पप्पांचा वाढदिवस आहे पुढच्या महिन्यात."

"माझी पण एकच आहे," तो म्हणाला आणि थोडा सैल झाला. "डॅडीची. बुरशी लागलीय तिला. कुठली तुमची?"

तिने पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कॅसेट काढली. त्यावर हिरव्या शाईत लिहिलं होतं – बावखल. मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. त्याने शर्टाच्या खिशातून आपली कॅसेट काढून काउंटरवर ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं – लो टाइड.

दुकानदार एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला.

आता हे नवीन माणसाला समजावून सांगायला हवं. तीस वर्षांपूर्वी वसईत रॉक वाजवणारे दोनच बँड नाव कमावून होते. राजोडीच्या वाडीवाल्यांचा, वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याचं नाव घेतलेला 'बावखल' आणि पाचूबंदरच्या कोळ्यांचा 'लो टाइड'. नंतर जी पोरं गिटार घेऊन उभी राहिली, ती या दोघांतल्या एकाचं बघूनच. लग्न असो, ख्रिसमसचा डान्स असो, माणूस एक तर बावखलवाला असायचा नाही तर लो टाइडवाला. मधलं कोणी नाही. आणि भांडणाचं मूळ होतं एक थांबा. बावखलच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात, धृपद सुरू व्हायच्या ऐन आधी, चार ठोके संपल्यावर एक पाचवा ठोका मोकळा जायचा. वाद्यं गप्प. नाचणाऱ्यांचे पाय हवेत. मग धाडकन धृपद. लोक वेडे व्हायचे त्या जागेवर. पण लो टाइडच्या गाजलेल्या गाण्यातही अगदी तसाच थांबा होता. एका स्पर्धेत दोन्ही बँड एकाच संध्याकाळी वाजले, पब्लिक हसलं, आणि बावखलचा गिटारिस्ट सेबेस्टियन नि लो टाइडचा नेल्सन मायक्रोफोनचा स्टँड घेऊन एकमेकांच्या अंगावर गेले. कोणी कोणाचं चोरलं, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

सेबेस्टियन म्हणजे रोवेनाचे पप्पा. नेल्सन म्हणजे या भिजलेल्या मेलरॉयचे डॅडी.

"तुमच्या पप्पांनी माझ्या डॅडीचा दात हलवला होता," मेलरॉय शेवटी म्हणाला.

"तुमच्या डॅडींनी माझ्या पप्पांचं गाणं हलवलं होतं."

"बरं... डेक कोणाचा मग?"

दोघांनी मिळून घेतला.

मेलरॉय लग्नांना साऊंड लावायचा. पाचूबंदरला त्याच्या सामानाची एक खोली होती, भिंतीला काळे स्पीकर आणि दाराबाहेर वाळत घातलेले बोंबील. तिथे डेक ठेवला. कॅसेट जुन्या, सारख्या अडकायच्या. हळूहळू, तुकड्या-तुकड्याने उतरवाव्या लागायच्या. रोवेना रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की स्कूटी काढायची आणि घरी सांगायची, मैत्रिणीकडे चाललेय. पप्पांचा वाढदिवस झाला, त्यांना त्यांचं गाणं मोबाईलवर मिळालं, ते डोळे पुसून परत पहिल्यापासून ऐकायला लागले. म्हणजे काम संपलं होतं. तरी रोवेनाची स्कूटी दर रविवारी पाचूबंदरलाच वळत होती.

निमित्त म्हणून त्यांनी एक खेळ काढला होता. दोन्ही बँडमध्ये सारखं काय काय, ते शोधायचं. ज्याला सापडेल त्याला दुसऱ्याने भजीपाव खिलवायचा.

"माझ्या कॅसेटमध्ये मागून कुत्रा भुंकतो," ती म्हणायची.

"माझ्या कॅसेटमध्ये बोटीचं इंजिन. दोघांनी घरीच रेकॉर्ड केलंय. काढ भजीपाव."

"तुमचा गाणारा कुठे गेला?"

"कुवेतला."

"आमचाही! आता तू काढ."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा मेलरॉय म्हणाला, "सगळं जग भांडत होतं ना, बीटल्स मोठे की रोलिंग स्टोन्स? आणि बीटल्सनीच स्टोन्सना सुरुवातीला एक गाणं लिहून दिलं होतं. भांडण पब्लिकचं गं. वाजवणारे एकमेकांचं ऐकतच असतात."

"हे माझ्या पप्पांना सांग."

"सांगीन. आधी तू मला तुझ्या घरी तर ने."

हे बोलताना तो वायर गुंडाळत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता. वायर मात्र तीनदा चुकली. रोवेनाने ते पाहिलं आणि तिला इतका आनंद झाला, की ती घरी जाताना वळण चुकून थेट किल्ल्यापर्यंत गेली.

ऑक्टोबरमध्ये, कळंबच्या किनाऱ्यावर, भर उन्हात त्याने विचारलंच. वाळू तापली होती आणि दोघंही चपला हातात घेऊन पाय उचलत चालत होते.

"रोवेना, मला तू आवडतेस. मला... लग्न करायचंय तुझ्याशी. आता बोल, पाय भाजतायत."

"मलापण तूच हवायस," ती म्हणाली. "पण पप्पांचं मन मोडून नाही रे येता येणार मला. आई गेल्यापासून ते आणि मीच आहोत."

तिने त्याच संध्याकाळी पप्पांना सांगितलं. सेबेस्टियन पडवीत केळीची पानं पुसून रचत होते. नाव ऐकून त्यांचे हात थांबले.

"मुलगा कसाही असू दे. चांगलाच असेल," ते म्हणाले. "पण मी त्या घरात पाय ठेवणार नाही. रोवेना, मी आयुष्यभर वाडी केली. केळी सगळेच लावतात, पानवेल सगळेच लावतात. माझ्या डोक्यातून आलेली एकच गोष्ट आहे, ती एक थांबायची जागा. तीपण त्याने घेतली. आता मुलगी द्यायची?"

ते ओरडले असते तर रोवेना भांडली असती. ते ओरडले नाहीत. मेलरॉयला तिने फोनवर सगळं सांगितलं. तो इतकंच म्हणाला, "थांबू आपण. मला कुठे घाई आहे?" घाई होती, हे दोघांनाही माहीत होतं.

नोव्हेंबरात रोवेनाच्या मावसबहिणीचं, फेलिशियाचं लग्न होतं, आणि साऊंड मेलरॉयचा होता. सकाळी रोवेना हॉलमध्ये फुलं लावायला आली, तेव्हा तो स्टेजवर कीबोर्ड लावून स्पीकर तपासत होता. तपासताना तो नेहमी एकच साधी धून वाजवायचा, मुलं वाद्य शिकताना घोकतात तसली. खोलीत त्यांना कॅसेट ऐकण्यापुढे दुसरं काही सुचलं नव्हतं, म्हणून रोवेनाने ती कधी ऐकलीच नव्हती.

आता ऐकली. हातात शेवंतीची जुडी होती, आणि ती नकळत त्या धुनीबरोबर गुणगुणायला लागली. दहा ओळी झाल्या. अकराव्या ओळीत चार ठोके झाल्यावर मेलरॉय एक ठोका थांबला.

रोवेनाही थांबली होती. त्याच ठोक्याला.

ती स्टेजवर चढली. "हे कुठून शिकलास?"

"डॅडीकडून. लहानपणी. का?"

"तिथे का थांबलास?"

"तिथे थांबायचंच असतं. वहीत तसं आहे."

"कोणाच्या वहीत?"

"डॅडीच्या. त्यांना कोण ते... इनास मास्तर शिकवायचे."

रोवेना खुर्चीत बसली. इनास मास्तर तिलाही माहीत होते. म्हणजे त्यांची वही माहीत होती. ती आठ वर्षांची असताना पप्पांनी तिला त्या वहीच्या आपल्या नकलेवरून व्हायोलिन शिकवलं होतं. मास्तर सायकलच्या कॅरिअरला व्हायोलिन बांधून गावोगावच्या चर्चमध्ये गाणाऱ्या पोरांना तयार करायचे. सोमवारी राजोडीला, गुरुवारी पाचूबंदरला. मास्तरांची वही पोरांनी जशीच्या तशी उतरवून घ्यायची, कानामात्रा इकडची तिकडे करायची नाही, अशी शिस्त. अकराव्या ओळीत मास्तरांच्या स्वतःच्याच हातून एक मोकळा ठोका जास्त लिहिला गेला असणार. चार हवेत, तिथे पाच. शंका काढायची कोणाची छाती नव्हती. दोन्ही गावांतली नऊ-दहा वर्षांची पोरं ती चूक इमानाने घोकत राहिली, आणि ती कायमची बोटांत बसली.

कोणी कोणाचं चोरलंच नव्हतं.

"सुटलो!" मेलरॉयने तिचे दोन्ही हात धरले, शेवंतीसकट. "रोवेना, सुटलो आपण! आता तुझे पप्पा मला चोराचा मुलगा बोलू शकत नाहीत!"

ती हसली नाही. तिला पडवीतले पप्पा दिसत होते. माझ्या डोक्यातून आलेली एकच गोष्ट, असं म्हणाले होते ते. हे सांगितलं तर मेलरॉय मिळणार होता, आणि पप्पांची ती एक गोष्ट जाणार होती.

"नाही सांगवत तर नको सांगू," मेलरॉय हळूच म्हणाला. त्याने हात सोडले नव्हते.

दोन्ही वह्या आठवडाभर रोवेनाच्या पर्समध्ये राहिल्या. नेल्सनची वही मेलरॉयनेच आणून दिली होती. "डॅडीला दाखवलं मी. दोन दिवस जेवला नाही नीट. तिसऱ्या दिवशी मला बोलला, 'मीच एकटा कशाला रडू? त्या सेबेस्टियनलापन दाखव. आनि कोन जास्त रडतो ते मला येऊन सांग.'"

रविवारी सकाळी तिने दोन्ही वह्या पप्पांसमोर ठेवल्या आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं. गोडीगुलाबी तिला जमायची नाही. सुई टोचायची तर सरळ टोचावी, रेंगाळलं की जास्त दुखतं.

सेबेस्टियननी चष्मा लावला. आधी आपली वही उघडली, मग नेल्सनची. दोन्हीत अकरावी ओळ सारखीच होती, आणि दोन्हींच्या खाली मास्तरांच्या लाल शाईतली बरोबरची खूण होती. त्यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर एक एक सूर दाबत गेली, अकराव्या ओळीपर्यंत आली, आणि थांबली.

मागे वाडीत पंप चालू होता. रोवेनाला स्वतःचाच राग येत होता. आपल्या सुखासाठी आपण म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काढून घेतलं, असं वाटून तिला रडूच आलं.

"रडतेस काय?" पप्पा म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते. "मास्तर होते चुकलेले, म्हणजे! आणि आम्ही चुकलो की पट्टी मारायचे बोटांवर." ते थोडे हसले. मग वही मिटली. "रोवेना, मास्तरांकडे किती पोरं शिकली असतील?"

"शंभर-दोनशे?"

"जास्त. सगळ्यांनी ही चूक वाजवली. पण गाण्यात कोणी घेतली?"

"तुम्ही, पप्पा."

"आम्ही," सेबेस्टियन म्हणाले. "आम्ही दोघांनीच. चूक मास्तरांची गं. पण तिथे माणसाचे पाय उचलले जातात, हे कळायची अक्कल आमची."

उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून त्या माणसासकट 'आमची' असा शब्द रोवेनाने पहिल्यांदाच ऐकला. तिने त्यांना मिठीच मारली.

"पुरे, पुरे. पुढच्या रविवारी बोलव त्या पोराला. बापालाही आण म्हणावं," ते चष्मा पुसत म्हणाले. "आणि गिटार घेऊन ये म्हणावं. रिकाम्या हाताने आला तर दुसरा दात हलवीन."

ती अंगणात पळाली आणि फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"कोण जास्त रडलं?" मेलरॉयने विचारलं. आवाज साधा ठेवायचा त्याचा प्रयत्न काही जमला नव्हता.

"मी. मेलरॉय... तू कळंबला काय विचारलं होतंस?"

"तुला माहितीये."

"परत विचार. आता पाय भाजत नाहीयेत."

"लग्न करशील माझ्याशी?"

तिने मनातल्या मनात चार मोजले. पलीकडे तोही मोजत असणार, कारण तो मधे एक शब्द बोलला नाही. पाचवा ठोका तिने मोकळा जाऊ दिला.

"हो," रोवेना म्हणाली.