दोनच वाजल्या

हे घडलेलं आहे. मी प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे न मोजलेलं लिहायची मला सवय नाही. यातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी मी मोजलेल्या आहेत.

एक मोजायची राहिली.

मार्चमधला शेवटचा बुधवार. वेळ संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटं. ठिकाण पुण्यातलं एक महिला कारागृह. त्याचं नाव मी लिहिणार नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. कृपया कमेंटमध्ये अंदाज बांधू नयेत. अंदाज बांधायला पुण्यात इतर विषय पुष्कळ आहेत.

आमच्याकडे क्षयरोगाच्या तपासण्या होतात. त्या कारागृहातून तीन महिन्यांत नऊ रुग्ण आले, म्हणून बराकीतली हवा मोजायला मला पाठवलं. माणसं एकाच खोलीत कोंडली की श्वासातून बाहेर पडलेला वायू साठत जातो. तो मोजणारं एक काड्यापेटीएवढं यंत्र असतं. हवा बरी असेल तर त्यावर हिरवा दिवा लागतो, वाईट असेल तर लाल. अशी तीन यंत्रं मी बरोबर नेली होती.

बराकीच्या दारावर रंगाने लिहिलं होतं, 'क्षमता ४८'.

आत एकशे एकतीस बायका होत्या.

दिवसा त्या अंगणात बसत. संध्याकाळी सहाच्या आत सगळ्यांना आत घेऊन कुलूप लावत. याला तिथे 'बंदी' म्हणतात. बंदी झाली की चावी मुख्य दरवाजावर जमा होते. नंतर बराक उघडायची तर अधिकारी हवा आणि दोन महिला शिपाई हव्यात. अधिकारी एकच होते, तेही शेजारच्या पुरुषांच्या कारागृहात. आणि महिला शिपाई होती एकटी तेजस्विनी.

तेजस्विनी खडकवासल्याकडची. वय तीसच्या आतबाहेर. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "तुमची ड्यूटी किती वाजेपर्यंत?"

"बदली येईपर्यंत," ती म्हणाली.

"बदली कधी येते?"

"मला तरी दिसली न्हाई अजून."

ती हसली नाही. मीही नाही.

पहिली दोन यंत्रं मी दाराजवळ आणि मध्यभागी ठेवली. तिसरं कुठे ठेवावं ते कळेना. प्रत्येकीला झोपायला दोन विती जागा. भिंतीपासून भिंतीपर्यंत पथाऱ्या एकीला एक चिकटलेल्या. रात्री एकीने कूस बदलली तर सगळ्या ओळीला बदलावी लागे. त्यासाठी विमलाबाई नावाची जुनी कैदी रात्रीतून चारदा 'पलटी' असा आवाज द्यायची.

तेवढ्यात खिडकीखालचा कोपरा दिसला.

तिथे दोन विती जागा... मोकळी होती.

बराकीतली सगळ्यात हवेशीर जागा. आणि तिथे कुणाची पिशवी नाही, कपडा नाही, काहीच नाही.

"इथे कुणी झोपत नाही का?" मी विचारलं.

विमलाबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "ती जागा भरलेली आहे, बाई."

मला वाटलं, रुग्णालयात गेलेल्या कुणाचीतरी असेल. मी तिसरं यंत्र तिथे ठेवलं.

त्या जागेच्या शेजारी नम्रता नावाची मुलगी असायची. चोवीस वर्षांची, खटला चालू असलेली. दोन तारखांना तिला न्यायालयात नेलंच नव्हतं, कारण बरोबर पाठवायला पोलीस नव्हते. ती खोकायची. तिच्याही थुंकीचा नमुना मी घेतला होता.

"गुरुवारी तारीख आहे," ती म्हणाली. "या वेळेला नेतील ना हो, मॅडम?"

"नेतील," मी म्हणाले. हे मी मोजलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आकडे उतरवून घेतले. दोन यंत्रांच्या आलेखाची रेघ अपेक्षेप्रमाणे होती. बंदीनंतर चढलेली, सकाळी बायका अंगणात गेल्यावर उतरलेली.

तिसऱ्या यंत्राची रेघ उतरलीच नव्हती.

बराक साडेतीन तास रिकामी होती. दार सताड उघडं. तरी त्या कोपऱ्यात आकडा चढलेलाच...

जणू तिथे कुणीतरी श्वास घेत पडून होतं.

मी यंत्रांची अदलाबदल केली. दाराजवळचं कोपऱ्यात, कोपऱ्यातलं दाराजवळ. बुधवारी पुन्हा पाहिलं.

कोपऱ्यातली रेघ... तशीच.

वहीत लिहिलं, 'यंत्रात दोष?' पुढचं प्रश्नचिन्ह महत्त्वाचं आहे.

बुधवारी बंदीनंतरची यंत्रांची नोंद दाराबाहेरून घ्यायची होती, म्हणून मी थांबले. पावणेसहाला कुलूप लागलं, चावी गेली. बायका थाळ्या घेऊन जेवायला बसल्या. तेजस्विनी स्टुलावर बसली. ती आदल्या संध्याकाळपासून तिथेच होती.

"बाई, तेवढी आमटी बदलून मिळंल का?" आतून कुणीतरी ओरडलं.

"माझ्या डब्यातली देऊ का? दुपारची हाय, फेस आलाय," तेजस्विनी म्हणाली. आत हशा झाला.

मग ती मला हळू आवाजात सांगायला लागली. रात्री कुणाला काही झालं तर बायका थाळी गजावर वाजवतात. एक वाजली तर पाणी संपलं. दोन वाजल्या तर भांडण किंवा काहीतरी फुटकळ. तीन वाजल्या तर आजारी. तीनला चावी मागवायचीच.

"आणि तुम्ही मागवता?"

"तीनला मागवते. पण इथं दोनच वाजतात, मॅडम." तिने बराकीकडे पाहिलं. "मी दोनदा दोनलाच चावी मागवली. अर्ध्या तासानं साहेब आले. उघडलं, तर सगळ्या ठणठणीत. थाळी कुणी वाजवली, ते कुणी सांगंना. दोन मेमो मिळाले. विनाकारण बराक उघडली म्हणून. आता तिसऱ्यांदा झालं तर निलंबन. घरी दोन पोरी हायत."

"मग आता?"

"आता तीनशिवाय उठत न्हाई."

मी नोंद लिहायला वही उघडली.

आणि...

ठण्.

ठण्.

थाळी गजावर आपटल्याचा आवाज. स्पष्ट. खिडकीकडून.

आतलं बोलणं एकदम थांबलं. एकशे एकतीस बायका आणि एकही आवाज नाही. घास हातातच राहिले.

कुणी एकमेकींकडे पाहत नव्हतं. सगळ्या त्या कोपऱ्याकडे पाहत होत्या.

तिथे कुणीच नव्हतं.

तेजस्विनी उठून उभी राहिली होती. तिचा हात फोनवर होता.

"मॅडम, किती वाजल्या?"

"दोन."

"नक्की? माझं डोकं चालंना झालंय, कालपास्नं झोप न्हाई. तीन न्हवत्या ना?"

मी अचूक माणूस आहे. सगळे तेच म्हणतात.

"नक्की दोनच."

तिने फोनवरचा हात काढला. गजांपाशी जाऊन ओरडली, "काय पाहिजे गं? कुणाला काय होतंय?"

बायका कोपऱ्याकडेच पाहत राहिल्या. नम्रता त्या मोकळ्या जागेशेजारी गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मी तिला पाहिलं. पाठीला भिंत, एका अंगाला खेटून शेजारीण, त्यामुळे ती सरळ बसलेली दिसत होती. मला वाटलं, पेंगते आहे.

मग कोपऱ्यातल्या यंत्राकडे नजर गेली. दाराजवळचा दिवा लाल होता. मधला लाल होता. दोन दिवस कोपऱ्यातलाही लालच होता.

तो हिरवा झाला होता.

मी घड्याळ पाहिलं. सहा बारा. तेजस्विनीला म्हणाले, "त्या कोपऱ्यात हवा चांगली आहे. काळजीचं काही नाही."

"तुम्ही म्हणताय म्हणजे ठीक," ती म्हणाली आणि पुन्हा स्टुलावर बसली.

मी सामान आवरून निघाले. अंगण ओलांडलं, अंगणाच्या दारातून बाहेर पडले. माझ्यामागे दाराची कडी पडल्याचा आवाज आला. स्कूटरवरून वारज्याला घरी पोहोचले तेव्हा आठ वाजत आले होते.

सकाळी सहाला मोजणीसाठी सगळ्या उभ्या राहिल्या.

नम्रता उठली नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, तिचा मृत्यू आदल्या संध्याकाळीच झाला. साडेसहाच्या सुमारास. पेंगते आहे असं समजून शेजारणीने तिला आडवं केलं होतं, आणि ती रात्रभर त्या ओळीत होती. विमलाबाईने चारदा 'पलटी' म्हटलं आणि चारही वेळा शेजारणीच्या धक्क्याने तीही वळली. दुसरीकडे कुणी नव्हतंच. म्हणून कुणाला कळलं नाही.

तो गुरुवार होता. तिला न्यायालयात न्यायला पोलीस आले होते.

चौकशी झाली. बाहेरची साक्षीदार म्हणून मला बोलावलं. हिंदुराव नावाचे अधिकारी होते, सभ्य, थकलेले. त्यांच्या टेबलावर अशा चार फायली होत्या.

"आपण बराकीसमोर असताना थाळी किती वेळा वाजली?"

"दोन वेळा."

"आपली खात्री आहे?"

"हो."

त्यांनी लिहून घेतलं. तीन न वाजल्यामुळे शिपायाची चूक नाही, असा निष्कर्ष निघाला. बाहेर तेजस्विनीने माझे दोन्ही हात धरले. "तुमच्यामुळं वाचले, मॅडम," ती म्हणाली. तिचे डोळे तारवटलेले होते. त्या दिवशीही तिची बदली आली नव्हती.

पंचनाम्याची प्रत मी वाचली. नम्रताची थाळी तिच्या पायांपाशी सापडली होती. भात, आमटी, सगळं जसंच्या तसं. एक शीतही सांडलेलं नव्हतं.

भरलेली थाळी वाजवता येत नाही.

मग कुणी वाजवली?

त्याच दिवशी मी यंत्रं परत आणायला बराकीत गेले. विमलाबाई अंगणात बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि थेट विचारलं. "ती जागा कुणाची होती?"

तिने बराकीच्या खिडकीकडे पाहिलं.

"सोजरबाईची. दोन वर्षं झाली. दम्याची होती. त्या रात्री धाप लागली, तशी तिनं थाळी घेतली. आम्हाला म्हणाली, मीच वाजवते, तुम्ही झोपा. दोनदा वाजवली."

"आणि?"

"तिसऱ्यांदा हात वर गेला नाही तिचा. दोन म्हणजे फुटकळ. कुणी आलं नाही." तिने पदराने तोंड पुसलं. "तेव्हाची शिपाईबाई दुसरी होती. हिला कुणी सांगितलं नाही. आम्ही तरी काय सांगणार? भूत आहे म्हणून मेमो रद्द होतो का?"

"पण मग ती आता कुणासाठी वाजवते?"

"तेच तर कळत नाही, बाई. आधी दोनदा वाजवली, तेव्हा कुणाला काही नव्हतं. की होतं, आणि चावी आल्यावर हवा लागून बरं वाटलं... कोण जाणे."

घरी येऊन मी यंत्राचे आकडे उतरवले. बुधवारी सहा बाराला दोन यंत्रांची रेघ चढतच गेली होती. कोपऱ्यातली रेघ एका क्षणात खाली आली होती. बाहेरच्या मोकळ्या हवेत असतो तेवढा आकडा. रात्रभर, एकशे एकतीस बायकांच्या खोलीत, सरळ आडवी रेघ.

जणू त्या जागेवरून कुणीतरी उठून गेलं होतं.

अहवालात मी लिहिलं, 'यंत्रात दोष.' या वेळी प्रश्नचिन्ह लावलं नाही. बराकीत विजेची घंटा बसवावी, अशी शिफारसही केली. ती विचाराधीन आहे, असं पत्र आलं आहे.

परवा तेजस्विनीचा फोन आला. आता बराकीत एकशे चाळीस आहेत. आणि मोकळ्या जागा दोन आहेत. नम्रताच्या जागेवरही कुणी झोपायला तयार नाही.

"मॅडम, एक विचारू? त्या दिवशी दोनच होत्या ना? मला झोप लागत न्हाई."

"दोनच," मी म्हणाले.

हे इथे लिहिते आहे, कारण तिला सांगता आलं नाही. हिंदुरावांनाही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं, बराकीसमोर असताना किती वाजल्या. त्याचं उत्तर दोनच आहे.

यंत्रं घेऊन त्या दिवशी मी अंगणाच्या दारातून बाहेर पडले. दार मागे लोटलं. आवाज आला नाही. मी थांबले, दार पुन्हा उघडलं, पुन्हा लोटलं.

आवाज नाही.

मग नीट पाहिलं. त्या दाराला कडीच नाही. ती तुटून वर्ष झालं आहे, दुरुस्तीचा अर्ज गेलेला आहे. दार सुतळीने बांधतात.

बुधवारी संध्याकाळी, मी त्याच दारातून बाहेर पडत असताना, माझ्या पाठीमागे लोखंडावर लोखंड आपटलं होतं. एकदाच. हळू. हातात जोर नसल्यासारखं.

मी मागे वळले नव्हते. घड्याळही पाहिलं नव्हतं.

काल घरी ओट्यावर भांडी आवरत होते. खिडकीच्या गजावर... ठण्. मग पुन्हा एकदा.

हॉलमधून माझे यजमान आमोद ओरडले, "अगं, काय पडलं?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि उभी राहिले. तिसऱ्या आवाजाची वाट पाहत.

अजून पाहतेच आहे.