सदृश-७४१

सकाळी हेमराज बोरसेंच्या मोबाइलवर संदेश आला, ‘धोका काढून टाकला आहे.’ दुपारी पंपदुरुस्तीच्या दुकानातून ते जेवायला घरी आले, तर पत्नी ज्योत्स्नाबाई ओट्यापाशी पडल्या होत्या. हात लावला तर अंग गार.

त्या काळात धुळ्यातसुद्धा दोन घरांआड कुणाच्या तरी छातीत लयिका असे. ज्योत्स्नाबाईंच्याही होती. लयिका म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं, बोटाच्या पेराएवढं यंत्र. ते माणसाकडून शिकत जाई. त्यात व्हायरस शिरू नये म्हणून मोबाइलवरचं अँटीव्हायरस पहारा देई. त्यानंच सकाळी विचारलं होतं, ‘सदृश-७४१ हा धोका आढळला. काढायचा का?’

बोरसे सावध माणूस. त्यांनी ते नाव शोधलं. तीस-बत्तीस पानं निघाली आणि सगळ्यांवर एकच मजकूर: धोका गंभीर आहे, लगेच काढा, एक्याण्णव टक्के लोकांनी काढला आहे. तो नेमकं करतो काय, हे कुठेच नव्हतं. म्हणून ते वाचतच बसले. शेवटी ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, “दाबा एकदाचं. वायसर बदलायला दिवस घालवणारे तुम्ही, माझ्या काळजाला तर वर्ष लावाल.” ते हसले आणि त्यांनी बटण दाबलं.

महिन्याभराने ते लयिका तपासणाऱ्या जळगावच्या प्रयोगशाळेत डॉ. अस्मा पिंजारींना जाऊन भेटले. हा व्हायरस सोडला कुणी, एवढंच त्यांना हवं होतं.

बाईंनी समजावून सांगितलं. ज्या व्हायरसला कुणी उघडून तपासलेलं असतं, त्याला स्वतःचं नाव मिळतं. ‘सदृश’ म्हणजे कुणीच उघडून पाहिलेलं नाही. वागणं व्हायरससारखं वाटलं, एवढाच अंदाज. व्हायरस स्वतःला बदलत राहतो. पण नऊ वर्षं ज्योत्स्नाबाईंच्या ठोक्यांशी जुळवून घेताना लयिकेनंही स्वतःला बदललंच होतं.

“मग मी काढलं काय?”

“लयिका जे शिकली होती ते, काका. व्हायरस नव्हताच.”

“आणि एवढ्या पानांवर लिहिलंय ते?”

“ती पानं यंत्रच लिहितं, किती लोकांनी बटण दाबलं ते बघून. लोक ती वाचून दाबतात. आता त्यात तुमचंही धरलंय.”

अँटीव्हायरसच्या कंपनीला आपण तीन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही, असं बाई सांगत होत्या. माणसाने स्वतःच्या नावाने लिहिलेली हकिगत यंत्राच्या पानांच्या वर दिसते, असा नियम होता. तशी एक लिहिली, तर शोधणारा थांबेल. असंच घडलेल्या सात घरांना बाईंनी विचारून पाहिलं होतं. सगळे नाही म्हणाले.

“मी लिहितो,” बोरसे म्हणाले.

त्याला आता पाच महिने झाले. लेक तेजल समजते की आईचं हृदयच थकलं होतं. तिला आधी सांगायला हवं. रोज दुकानात गेल्यावर बोरसे हकिगतीचं ते पान उघडतात. वर त्यांचं नाव आहे. कडेला त्या दिवशी किती जणांनी सदृश-७४१ शोधलं, तो आकडा दिसतो. काल एकशे चौदा होता.

तेजलला अजून सांगितलेलं नाही. पानावर एक ओळही लिहून झालेली नाही.