कोरा माऊथगार्ड

पातेल्यात चार चमचे होते, दोन वाट्या होत्या आणि तळाशी निळ्या प्लॅस्टिकचा एक मुरगळलेला गोळा... तो दीक्षाचा माऊथगार्ड होता! नऊच्या एसटीनं तिला सेनगावहून हिंगोलीला, बॉक्सिंगच्या जिल्हा स्पर्धेला जायचं होतं. आणि दातांवर ते कवच नसेल तर पंच रिंगणात पाऊलसुद्धा ठेवू देत नसत.

रुक्माबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. अंगणवाडीत लेकरांचे चमचे-वाट्या रोज उकळायची सवय. लेकीच्या तोंडात जाणारी वस्तू म्हणून मायेनं तीही पातेल्यात टाकली होती. थोरल्या सपनानं एकवार आईकडे पाहिलं...

"मीच उकळला," ती म्हणाली.

"काहून पण?" दीक्षा कडाडली. "गार पाण्यात ब्रशनं धुवायचा, भोकं असलेल्या डबीत ठेवायचा, उन्हाला लावायचा न्हाई... तूच शिकवलं ना! स्वतः खेळ अर्ध्यात सोडलास, आता माझाबी सुटावा वाटून राहिलं का तुला, ताई?"

सपना मान खाली घालून पातेल्यातले चमचे काढू लागली.

"गप ए पोरी!" रुक्माबाईंना हुंदका आवरेना. "म्या उकळलं ते! आन् तिनं खेळ सोडला न्हाई... तीन वर्षाखाली माझा पाय मोडला, तवा विभागाच्या स्पर्धेला निवड झालेली असून माझ्यापाशी राहिली ती. सगळ्यांला सांगितलं, कंटाळा आला म्हणून!"

दीक्षा "ताई!" म्हणत बहिणीच्या गळ्यातच पडली.

"रडायचं ते एसटीत," डोळे पुसत सपनानं ट्रंकेतून एक न फोडलेलं पाकीट काढलं. तीन वर्षं जपलेला तिचा स्वतःचा कोरा माऊथगार्ड! पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मऊ होण्यापुरता उकळत्या पाण्यात तीस सेकंद, गार पाण्यात क्षणभर, आणि ठसा बसावा म्हणून लगेच दीक्षाच्या वरच्या दातांवर. "चाव. आता चोख. आन् माय, तू चुलीपासून लांब!"

"म्म्म!" दीक्षा म्हणाली.

"जन्मात पहिल्यांदा गप बसली बघ," रुक्माबाई रडता रडता खुदकन हसल्या.

"वरचे चौदा, खालचे चौदा दात घेऊन चाललीस," सपनानं तिची बॅग खांद्याला अडकवली. "तितकेच परत आण."

संध्याकाळी दीक्षा परतली ती रौप्यपदक आणि सुजलेला ओठ घेऊन. दारातच तिनं आ केला. सपनानं मोबाईलचा उजेड पाडून एकेक मोजला, खात्रीसाठी पुन्हा मोजला.

वरचे चौदा. खालचे चौदा.