दोन कानांचा पेला

चर्चच्या कमिटीच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. टाइप केलेलं पत्र, खाली तिघांच्या सह्या. ‘प्रीतिभोजनाचा पेला कपाटातून कोणी काढला, त्या व्यक्तीचे नाव लेखी कळवावे. पेल्याचे पावित्र्य भंगले आहे. खुलासा येईपर्यंत संबंधित बाईंनी स्वयंपाकघरात येऊ नये.’ म्हणजे नाव त्यांनी आधीच ठरवलं होतं, माझ्याकडून ते फक्त लिहून हवं होतं! खजिनदार चर्चच्या समोरच राहतात, मी दोन गल्ल्या पलीकडे. येऊन विचारलं असतं तर पाय झिजले नसते. पण नाही, टपालानं पत्र.

मला सहसा राग येत नाही. आलाच तर मी तो एखाद्या पुस्तकात खुणेसारखा घालून ठेवतो आणि विसरतो. पत्रही तसंच घातलं. पण त्या पानापुढे वाचन काही सरकेना.

आमच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये दर गुरुवारी दुपारी, ज्यांच्या घरी चूल पेटत नाही किंवा ज्यांना घरच नाही, अशांना जेवण देतात. सूप, पाव, चहा. हॉलच्या मागच्या खोलीत चर्चचं वाचनालय आहे, ते मी सांभाळतो. गुरुवारी तिकडे कोणी फिरकत नसे, म्हणून मला गुरुवार आवडायचा. एका गुरुवारी दार धाडकन उघडलं. दारात एक बाई... हातात डाव, चष्म्यावर वाफ, पिकल्या केसांची एक बट कपाळाला चिकटलेली.

“मीठ कुठंय?”

“इथे... इथे पुस्तकं आहेत.”

“कळलं. मीठ कुठंय?”

“चष्मा पुसलात तर—”

“पुसला की मीठ दिसेल?”

“नाही. मी दिसेन.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. मला वाटलं, आता कपाटात शिरून आतून कडी लावावी. तिनं एप्रनच्या टोकानं चष्मा सावकाश पुसला, डोळ्यांवर चढवला आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“दिसलात,” ती म्हणाली. “आता उठा, आणि मीठ शोधा.”

ती इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणत, ती मला ‘पुस्तकवाले’. पुढच्या गुरुवारपासून मी पाव कापायला लागलो.

“हे पावाचे तुकडे आहेत की दाराला लावायच्या पाचरी?” ती कानाशी पुटपुटायची.

“जाड असला की पोट भरतं.”

“आणि पातळ ज्याच्या वाट्याला आला तो?”

“त्याला दोन.”

ती हसायची, आणि माझे कान तापायचे. माझी थोरली बहीण, ताई, माझ्याकडेच राहते. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

“हल्ली गुरुवारी दाढी करतोस. भक्ती वाढलीय वाटतं.”

“दाढीत पावाचा भुगा अडकतो, ताई.”

“अस्सं! आणि अत्तर काय भुगा झटकायला?”

हे सगळं छान चाललं होतं. छान नव्हते ते कप. वाढणाऱ्यांसाठी चिनी मातीचे, निळ्या काठाचे. जेवायला येणाऱ्यांसाठी कागदाचे. खजिनदारांचा नियम होता. का, तर ‘स्वच्छता’! ज्यांना आपण रविवारी प्रार्थनेत भाऊ म्हणतो, त्यांच्या ओठांची गुरुवारी आपल्याला किळस येते. मी ते पाहत होतो. पाहत होतो आणि पाव कापत होतो.

एका गुरुवारी कागदी कप संपले. बाहेर बोचरा वारा. हॉलमध्ये माणसं हात चोळत बसलेली.

“मग आज चहा नाही,” खजिनदार म्हणाले आणि फोनवर बोलायला बाहेर गेले. निळ्या कपांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात.

सिस्टर पातेल्यासमोर उभी होती. तिनं डाव पातेल्याच्या काठावर आपटला.

“पातेलंभर चहा उकळतोय, आणि कपापायी नाही? पुस्तकवाले, तुमच्या खोलीत काहीच नाही? फुलदाणी चालेल मला!”

माझ्या खोलीत पेला होता. वर्षातून एकदा आमच्याकडे प्रीतिभोजन असतं. सगळे गोल बसतात, पाव मोडून वाटतात आणि पाण्याचा एकच पेला हातोहात फिरतो. देणारा एक कान धरतो, घेणारा दुसरा, म्हणून त्याला दोन कान. देवानं आपल्याला कसं सांभाळलं, ते ज्याला वाटेल तो सांगतो, ती त्याची साक्ष. बाकी वर्षभर पेला कुलपात.

मी कुलूप उघडलं. पेला धुतला आणि तिच्यापुढे धरला.

तिनं चहा ओतण्याआधी माझ्याकडे पाहिलं. “नक्की?”

“नाही,” मी म्हणालो. “पण ओता.”

पहिला घोट जेवायला आलेल्या एका म्हाताऱ्या चांभारानं घेतला. त्यानं काठ फडक्यानं पुसला आणि पेला शेजारच्या बाईकडे दिला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी देताना तो म्हणाला, “काल रात्री खोकला आला नाही. देवाची कृपा.” ती बाई म्हणाली, “माझी लेक बोलायला लागली माझ्याशी.” पेला पुढे सरकत राहिला, मी पुन्हा पुन्हा भरत राहिलो. दरवर्षी प्रीतिभोजनाला आमच्या त्याच चार जणांच्या त्याच पाठ साक्षी मी ऐकत आलोय. त्या दिवशी मात्र मला मान वर करता येईना.

शेवटी सिस्टर प्यायली आणि पेला माझ्याकडे केला. एक कान तिच्या हातात, दुसरा माझ्या. तिनं सोडला नाही. मीही नाही.

तेवढ्यात खजिनदार आत आले.

त्या संध्याकाळी चर्चच्या पायरीवर ती म्हणाली, “गुरुवार सोडून बाकीचे वार कुठे असता हो तुम्ही?”

मी म्हणालो, “घरी... वाचत.”

काय हे उत्तर! ती “हं” म्हणाली आणि गेली. मग पत्र आलं, आणि तिचं येणं बंद झालं.

पुढचे गुरुवार सूप अळणी होतं. मी कितीदा लिहायला बसलो. वाटायचं, आपण कोण? भांडण वाढेल. चर्चचे पाळकसाहेबही म्हणाले, “काका, शांतीनं घ्या.” घेतली शांती. मग एका गुरुवारी चांभारानं विचारलं, “आमच्या सिस्टर कुठंयत?” खजिनदारांनी त्याच्या हातात कागदी कप ठेवत सांगितलं, “त्यांना शिस्त जमत नाही.”

शिस्त! ज्या बाईनं उभा जन्म लोकांच्या जखमा धुतल्या, तिला हे शिस्त शिकवणार! मी सुरी खाली ठेवली, घरी आलो आणि एका बैठकीत उत्तर लिहिलं.

“कुणाला लिहितोयस?” ताईनं विचारलं.

“कमिटीला.”

“मग गालात काय हसतोयस?”

ते पत्र घेऊन मी सिस्टरच्या दारात उभा राहिलो. तिनं दार अर्धंच उघडलं.

“कमिटीला उत्तर नाही, मला उत्तर नाही! तुम्हाला काही विचारणं म्हणजे विहिरीत दगड टाकणं. आणि तुमच्या विहिरीतून आवाजसुद्धा येत नाही. नाव लिहून टाकायचं होतं माझं. मी काय घाबरते त्यांना?”

“वाचा ना... एकदा.”

ती उंबऱ्यातच वाचायला लागली, मोठ्यानं.

“‘पेला मी काढला. कुलूप मी उघडलं. सिस्टरांनी फक्त चहा ओतला. पेल्याचं पावित्र्य भंगलं म्हणता, मला तर ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. सिस्टरांना मानानं परत बोलवावं, आणि सगळ्यांना एकसारखे कप द्यावेत. नाहीतर गुरुवारचं जेवण आम्ही बाहेर फुटपाथवर मांडू. आणखी एक. पुढच्या प्रीतिभोजनाला मला सिस्टरांच्या शेजारची जागा हवी आहे. त्यानंतर सगळ्या वारांना हवी आहे... त्यांनी होकार दिल्यास.’”

तिनं कागद खाली केला. चष्म्यावर पुन्हा वाफ, आणि या वेळी सूप कुठेच नव्हतं.

“हे कमिटीला लिहिलंय की मला?”

“दोघांना. दोन पत्रं... माझ्याच्यानं झाली नसती.”

“शेवटची ओळ चुकलीय.”

मी वाकून ती ओळ बघायला लागलो. तिनं माझ्या खिशातलं पेन काढलं, पत्र दारावर टेकवलं, ‘दिल्यास’ खोडलं आणि वर लिहिलं ‘दिला आहे’. खाली आपली सही ठोकली.

“चला,” चपला घालत ती म्हणाली. “तुमचा काय भरवसा, रात्रीत परत खाडाखोड कराल.”

पत्र पाकिटात घालून आम्ही कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेलो. पेटीच्या फटीशी मी थबकलो. तिनं पाकिटाचं दुसरं टोक धरलं.

“नक्की?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

आणि आम्ही दोघांनी एकदम सोडलं.