एवढा मोठा ग्रह

सिंकमधल्या भांड्यांत एक वाटी आपोआप घसरली... टण्ण!

दुपारची सगळी खोली त्या एका आवाजानं दचकली. मी समूकडं पाहिलं. ती उठली नाही. ओठ चाटले, कूस बदलली आणि एक पाय माझ्या मांडीवर टाकून पुन्हा गाढ झोपली. भिंतीला टेकून बसलेल्या राजानंदनं मात्र मान वळवली. हल्ली तो असाच वळतो. आधी कान, मग डोळे.

"वाटी का?"

"वाटीच. झोपा तुम्ही."

"झोपतोय कुठं... सिनेमा चालू हाय माझा."

कानात वायर घालून तो त्याचा नेहमीचा सिनेमा ऐकत होता. मोबाइल मांडीवर पालथा पडलेला. पडद्यावर काय चाललंय ते बघायची त्याला आता गरज नाही. बघायचं म्हटलं तरी फारसं काही हाती लागत नाही.

समू येत्या महिन्यात पाच वर्षांची होईल. संभाजीनगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, पाच पूर्ण झाली की घेऊन या, तोवर दिवेलागणीच्या वेळी लक्ष ठेवा. बापाचा आजार लेकीत उतरायची शक्यता अर्धी आहे म्हणाले. अर्धी म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही. लेक तर अख्खी आहे.

राजानंदचे डोळे जाणार, हे मला लग्नाआधीच माहीत होतं. पण ते कळलं तोवर मी त्याच्या प्रेमात पडले होते... आणि त्याला कारण झालं एक चुकलेलं मेमरी कार्ड.

तेव्हा मी मंठ्याला कॉलेजला होते, गावाहून येऊन-जाऊन. गाणी मोबाइलच्या दुकानात कार्डात भरून मिळायची. माझ्या चुलत बहिणीची, बेबीनंदाची हळद होती. मी स्टँडजवळच्या दुकानात कार्ड दिलं, म्हटलं हळदीची, नाचायची, सगळी भरा. मांडवात काकानं ते कार्ड स्पीकरला लावलं. बायका हळदीच्या वाट्या घेऊन सरसावल्या... आणि स्पीकरमधून सायरन वाजला. पाठोपाठ एक जाड हिंदी आवाज गरजला, "हवा खतम हो रही है! सब लोग पीछे हटो!"

बायका खरंच मागे हटल्या. नवरी एकटीच पाटावर.

दुसऱ्या दिवशी मी भांडायलाच गेले.

"ओ दादा, हे काय भरून दिलं तुम्ही?"

काउंटरमागच्या पोरानं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि त्याचे कान लाल झाले. "अरे... हे माझं हाय. तुमचं कार्ड माझ्याकडं ऱ्हायलं. तरीच म्हणलं माझ्या मोबाइलमधी हळद कुठून वाजून राह्यली!"

"हसता काय? भर मांडवात आमची हवा खतम झाली."

"मंग? बाया हटल्या का मागं?"

"...हटल्या."

"बघा! आवाजात दम पायजे." मग जरा थांबून, हळूच, "पाहिला का सिनेमा?"

"अर्धा. एवढ्या लांब आभाळात जाऊन भांडतेतच नुसते."

"मंग तुम्ही पाहिलाच न्हाई. इकडं या."

सिनेमा जुना होता, परदेशी, हिंदीत डब केलेला. अंतराळात हरवलेलं एक जहाज शोधायला दुसरं एक मालाचं जहाज निघतं. मोडकं, तेलकट, एमआयडीसीतल्या टेम्पोसारखं खडखडणारं. त्यानं एक सीन लावला आणि पडद्याच्या अगदी कोपऱ्यात बोट ठेवलं.

"कॅप्टनकडं बघू नका, त्याला कुनी बी बघतंय. ही बाई बघा. नाव न्हाई तिला, एक शब्द बोलत न्हाई. मागं बसून डबा खाऊन राह्यली. आता सायरन वाजंल... वाजला. सगळे पळाले. आता... आता बघा हां..."

ती बाई उठली. पळायच्या आधी वाकली आणि डब्याचं झाकण लावून मग पळाली.

"काय केलं तिनं?" मी विचारलं.

"झाकण लावलं. जहाज फुटून राह्यलं अन् ही झाकण लावती! म्हंजी वापस येऊन जेवायचं हाय तिला." तो माझ्याकडं वळला. डोळ्यांत असं काही चमकत होतं, जसं ते झाकण त्यानंच लावलंय. "माझा सगळ्यात लाडका सीन."

मी कार्ड घेतलं आणि निघाले. पायरीवर मागून आवाज आला, "ताई... ते दादा तेवढं नका म्हणू."

"मग तुम्ही ताई म्हणू नका!"

त्यानंतर माझ्याकडच्या वस्तू फार बिघडायला लागल्या.

"आज काय?"

"चार्जर."

"परवाच नवा नेल्ता की."

"तोच. नवा आहे ना, त्याला सवय न्हाई अजून."

तो चार्जर उघडायचा, बंद करायचा, आणि तेवढ्या वेळात एक गंमत दाखवायचा. पायलटच्या डाव्या बुटाची नाडी वेगळी आहे. एका नळाला चिंधी बांधलीय, ती प्रत्येक सीनला जास्त मळत जाते. सुरुवातीला कॅप्टनच्या कपाचा कान तुटलेला असतो आणि शेवटच्या सीनमध्ये तो चिकटवलेला दिसतो. कुणी चिकटवला, ते अख्ख्या सिनेमात कुणी सांगत नाही.

"तुम्हाला एवढं बारीक कसं दिसतं हो?"

"नाद," तो म्हणायचा.

मलाही तो तसाच बघायचा... तुकड्यातुकड्यानं. एकदा एकदम म्हणाला, "तुमच्या डाव्या कानाच्या पाळीवर तीळ हाय."

"इतक्या दिवसांनी दिसला?"

"आधी उजवीकडं होतो मी."

"मग तोंडापर्यंत कधी पोचणार?"

"येऊन राह्यलो की... जल्दी काय हाय?"

मी ओढणीत तोंड लपवलं. बाहेर टोमॅटोचा हातगाडा ओरडत गेला, आणि मला तोही गोड वाटला.

एक गोष्ट मात्र खुपायची. ऊन कललं की तो उठायचा. हातातलं काम अर्धं टाकून, चप्पल घालून, चालता व्हायचा. एकदा मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "माझी गाडी सहानंतर आहे. स्टँडपर्यंत सोडता का?"

"न्हाई जमत," तो म्हणाला. खालीच बघत.

दुकानाचा मालक मच्छिंद्र फिदीफिदी हसला. "त्याची माय त्याला कोंडून ठेवती, पोरी! दिवस बुडायच्या आत हजेरी लागती."

मी स्टँडवर एकटी बसले आणि डोळे पुसले. म्हटलं, नको तर नको.

पण दोन दिवसांनी पुन्हा गेलेच. सिनेमा या वेळी अख्खा पाहून गेले होते.

"मला सगळ्यात काय आवडलं सांगू?"

"सांगा."

"तो कपाचा शेवटचा सीन. कॅप्टन कप हातात घेतो, आणि मागच्या खिडकीत तो एवढा मोठा ग्रह वर येतो ना..."

"कुठला ग्रह?"

"चेष्टा नका करू."

"खरंच. कुठला ग्रह?"

"अहो, तांबूस, काळपट! अख्खी खिडकी भरते त्यानं. तुम्ही किती वेळा पाहिलाय हा सिनेमा!"

त्यानं सीन लावला. मग डोकं हलवायला लागला. डावीकडं, उजवीकडं, वर... दाराच्या फटीतून आत बघावं तसं. कितीतरी वेळ. एका जागी डोकं थांबलं.

"अरे," तो म्हणाला. "हाय की."

आवाज अगदी बारीक होता. त्यानं कॉम्प्युटर बंद केला. "उद्या या," म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो दुकानात नव्हता. तिसऱ्या दिवशी होता, पण मला बघून आतल्या खोलीत गेला.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम गाडी सोडली आणि त्याच्या मागं निघाले. कामात अडकून त्याला थोडा उशीर झाला होता. आभाळात उजेड होता अजून, मला बोळातली कोंबडीची पिसंसुद्धा दिसत होती. आणि तो... तो भिंतीवर तळहात घासत चालला होता. एका घराचं बांधकाम सुरू होतं. रस्त्यात खडीचा ढीग. तो सरळ त्या ढिगावर गेला आणि पडला.

मी धावले.

"कोन? कोन हाय?"

"ग्रह," मी म्हणाले.

तो आधी हसला. खडीत बसल्या बसल्या, तळहात सोललेला, तसाच मोठ्यानं हसला. मग ते हसू कुठं गेलं कळलं नाही.

"सगळे म्हणतेत राजाला बारीक लई दिसतं," तो म्हणाला. "मला बारीकच दिसतं, अक्षता. नळीतून बघावं तसं. एका टायमाला एक तुकडा. दिवस कलला की तेवढं बी न्हाई. आईचं असंच गेलं. आता ती भर दुपारी चाचपडती. माझं बी जानार, बिलकुल जानार, डॉक्टरनं सांगितलंय. म्हनून म्हणतो... तुम्ही नका येऊ."

"मग माझं काय पाहिलं इतके दिवस?"

"कान. तीळ. हनुवटी. हसताना एक दात पुढं येतो, तो." तो थांबला. "सगळे तुकडे जोडून मनात एक बाई केली मी."

"कशी झाली?"

"...वापस येनारी."

बोळात कुणीतरी चूल पेटवली होती. धूर आमच्यावरून सरकत गेला. मी त्याचा सोललेला हात धरला.

"उठा. उजवीकडं खडी आहे. समोर एक म्हैस बांधलीय. आणि वर चांदणी निघाली एक."

"कुठं?"

"राहू द्या हो. मी पाहिली ना... भागलं."

माझे वडील, तातेराव, फार बोलणारे नाहीत. सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तू त्याचा हात धरून चालशील, ते मला कबूल हाय. पोरगा बी चांगला हाय. अन् लेकरं?"

"बघू की, अण्णा."

"बघू म्हनून राह्यली," ते म्हणाले. "बघायचं कुनी?"

मला राग आला होता तेव्हा. विहारात साधंसं लग्न झालं, अण्णा आले, सगळं केलं त्यांनी. जाताना राजानंदला मिठी मारून रडले. माझ्याकडं मात्र बघितलं नाही.

आता आम्ही जालन्यात राहतो. मी एमआयडीसीत बियाणांच्या कंपनीत पाकिटं भरायला जाते. राजानंदचं दुकानातलं काम गेलं. आधी स्क्रू दिसेनासे झाले, मग स्क्रूड्रायव्हर. आता तो घर बघतो. बघतो म्हणजे हातानं बघतो. तांदूळ निवडतो तर एक खडा सापडत नाही भातात. समूची वेणी घालतो, ती माझ्याहून सरळ येते.

समू झाली तेव्हा त्याच्याकडं चिमूटभर उजेड उरला होता. दवाखान्यात खिडकीशी बसून त्यानं तिला नखापासून पाहायला सुरुवात केली. अंगठा, टाच, गुडघ्याची वळी... कितीतरी वेळ. नर्स म्हणाली, अहो बाबा, बाळाला थंडी वाजंल. "हनुवटीपर्यंत आलोय," तो म्हणाला, "थोडं थांबा."

सुट्टीच्या दिवशी आम्ही सिनेमा लावतो. तो बोलतो, मी बघते. "चिंधी मळली का?" "मळली." "बाईनं झाकण लावलं?" "लावलं." शेवटाला तो माझा हात शोधतो. "ग्रह आला वर?"

"आला."

"मोठा हाय?"

"एवढा मोठा," मी म्हणते, आणि त्याचे दोन्ही हात धरून पसरवते. समू हसून लोळते.

दिवेलागण झाली की मात्र घरात कुणी हसत नाही. मी बटणाकडं जाते आणि हात तसाच राहतो. एक मिनिट. दोन मिनिटं. समू खेळत असते, मी तिचे पाय बघत असते. राजानंदला ठाऊक आहे. दिवा लागला की नाही हे त्याला दिसत नाही, पण बटणाचा खटका ऐकू येतो, आणि तो खटका रोज उशिरा येतो.  तो मान तिरपी करून लेकीच्या पावलांचा आवाज ऐकत बसतो. आतापर्यंत त्या पावलांनी आम्हाला कधी दगा दिला नव्हता.

आज संध्याकाळी नळाला पाणी आलं. मी स्टीलची कळशी भरून आणली आणि कडेला उचलून ठेवणार, तेवढ्यात उतू चाललेल्या दुधावर नजर गेली. कळशी खोलीच्या मधोमध राहिली. चकचकीत. दारातून जो काही उजेड येत होता, तो सगळा तिच्यावर साठला होता.

समू बाहेरून धावत आली. "बाबा, मला भोवरा फिरवता आला!"

मी कळशी बघत होते. समूला बघत होते. ओरडायला तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही, कारण आतून कुणीतरी म्हणत होतं, वळेल... आता वळेल...

ती वळली नाही.

कळशी आडवी झाली, पाणी भसकन् पसरलं, राजानंदच्या मांडीखालची चटई भिजली.

"काय पडलं?" तो म्हणाला.

"कळशी."

"अन् समू?"

तो अर्धवट उठला होता, तसाच राहिला. एक हात हवेत.

समू रडली नाही. गुडघे चोळत, ओल्या फ्रॉकनं उठली. हात पुढं करून आली, माझी ओढणी तिच्या मुठीत आली, तशी ती थांबली आणि चेहरा वर केला. माझ्याकडं नाही... माझ्या जरा बाजूला.

"आई," ती म्हणाली, "तू कशी गं पडत न्हाईस?"